रडक्या गाडीचे गोड अश्रू

"रडली! अहो, रडली!"

पहिल्या रांगेतून आरोळी उठली आणि पत्र्याच्या त्या शेडमधली सगळी गर्दी एकदम पुढे रेटली गेली. कुणाची चप्पल तुटली, कुणाचा चष्मा उडाला. बँकेतले एक मोठे साहेब, जे एरवी समोरच्या माणसाकडे मान वर करून बघत नाहीत, ते आता चक्क खुर्चीवर उभे राहून टाचा उंचावत होते. दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हुंदके देत होत्या. का रडताय म्हणून विचारलं असतं तर दोघींनाही सांगता आलं नसतं.

रडत होती ती एक मोटार.

चौथऱ्यावर चढवलेली, फुलांनी मढवलेली, रंग उडालेली चार दारांची जुनाट मोटार. तिचं इंजिन मघापासून घरघरत होतं, आणि आता तिच्या दोन्ही हेडलाइटांच्या खालच्या कडेला हिरवट थेंब जमून टपटप गळू लागले होते. खाली दोन चकचकीत वाडगी मांडलेली होती. थेंब वाडग्यात पडला की त्याचा आवाज माइकमधून सबंध शेडभर घुमायचा, कारण वाडग्याशेजारी माइक ठेवण्याइतकी अक्कल या धंद्यात लागतेच.

"बघा ही माया!" पायघोळ पांढऱ्या झग्यातला गाडीबाबा दोन्ही हात पसरून म्हणाला. "माणूस रडतो ते खारट. का? कारण तो स्वतःसाठी रडतो. माझी करुणावाहिनी रडते ती तुमच्यासाठी! म्हणून तिचे अश्रू गोड! घ्या, चाखून बघा! खारट लागले तर माझं नाव बदला!"

नाव बदलायची गरज नव्हती, ते त्याने स्वतःच बदललं होतं. परवा-परवापर्यंत सगळं गाव त्याला 'सेकंडहँड' म्हणायचं. याच शेडमध्ये तो जुन्या गाड्या विकायचा. गंजावर रंग, रंगावर पॉलिश आणि पॉलिशवर थापा, असा त्याचा व्यवसाय. गिऱ्हाइकांनी एकदा शेडला घेराव घातला तेव्हा तो काही महिने गायब झाला आणि परत आला तो झगा घालूनच.

शेडच्या अगदी मागे, हाताची घडी घालून, ब्रेकबाई उभी होती. तिचं खरं नाव तिच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती मोटार चालवायला शिकवायची, आणि दिवसभर तिच्या तोंडून एकच शब्द इतक्या वेळा आणि इतक्या जोरात निघायचा की नाव आपोआप पडलं. चेहरा तापट, जीभ त्याहून तापट. आज ती आली होती आईला घरी न्यायला.

आई पहिल्या रांगेत होती. तीसुद्धा साध्या खुर्चीवर नाही. तिच्यासाठी गादीची वेगळी खुर्ची, पायाखाली चौरंग आणि गळ्यात फुलांचा हार. कारण ही गाडी तिच्या नवऱ्याची, ब्रेकबाईच्या अप्पांची होती. अप्पा गेल्यावर ब्रेकबाईनेच ती सेकंडहँडला विकली होती, इंजिन इतकं गळायला लागलं होतं की शिकवणीच्या कामाला ती उरली नव्हती. सेकंडहँडलाही ती कुणाच्या गळ्यात मारता येईना. मग एके दिवशी त्याने जाहीर केलं की या गाडीत एका पुण्यवान ड्रायव्हरचा आत्मा राहतो. न विकल्या जाणाऱ्या गाडीचा असा उद्धार कुणाच्या स्वप्नातही आला नसता!

"पुण्यवान कसले," ब्रेकबाई दातओठ खात पुटपुटली. "अप्पा या गाडीला रोज सकाळी शिव्या घालायचे."

तिला ते सगळं लख्ख आठवत होतं. संध्याकाळी गाडी लावली की अप्पा तिच्याखाली पुठ्ठा सरकवायचे. सकाळी तो पुठ्ठा ओढून काढायचे आणि अंगणात उकिडवं बसून वाचायचे. तपकिरी-काळा डाग म्हणजे इंजिनचं ऑइल. लाल म्हणजे स्टिअरिंगचं. हिरवा म्हणजे कूलंट, इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी. "आधी रंग बघ, मग वास घे," अप्पा तिला शिकवायचे. "आणि डाग पडलाय तिथे गळत असतं असं समजू नकोस. पाणी वाट काढत खाली येतं. नेहमी वर बघत जा, उगम सापडेपर्यंत."

असले पुठ्ठे आता शेडच्या भिंतीवर चौकटीत लटकत होते. काळ्या ऑइलच्या डागांत लोकांना दाढीवाला चेहरा दिसत होता, आशीर्वादाचा हात दिसत होता. एका डागात एका बाईला स्वतःचे सासरे दिसले होते, आणि ती तो पुठ्ठा दणदणीत देणगी देऊन घरी घेऊन गेली होती.

ब्रेकबाईने नाक वर करून वास घेतला. गरम, गोडसर, घशात चिकटणारा. उभ्या आयुष्यात हजारदा घेतलेला वास. आणि हेही तिच्या लक्षात आलं की प्रवचन सुरू झालं तेव्हा गाडीला एक टिपूस नव्हतं. बाबाने इंजिन चालू ठेवून तासभर तोंडाची वाफ दवडली, इंजिन चांगलं तापलं, आणि मग कुठे हिला माया आली. थंड असताना कोरडी आणि तापली की गळणारी माया तिने बऱ्याच गाड्यांमध्ये पाहिली होती.

बाबा चमच्याने एकेकाच्या ओठांवर अश्रू सोडत रांगेतून निघाला. पहिला चमचा आईला. आईने डोळे मिटून तो घेतला.

"अगं आई!" ब्रेकबाई मागून ओरडली. पण तोवर टाळ्यांचा कडकडाट झाला होता.

घरी जाताना ब्रेकबाईच्या गाडीत दोघींची जुंपली. "आई, ते कूलंट आहे. अप्पांच्या गाडीचं तेच जुनं दुखणं."

"तुझ्या अप्पांची गाडी खालून गळायची," आई शांतपणे म्हणाली. "ही डोळ्यांतून रडते. एवढाही फरक कळत नाही का तुला?"

"कुठून गळतंय त्याने काय फरक पडतो?"

"पडतो. आणि माझे गुडघे? दोन जिने चढले मी काल."

"ते डॉ... डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी!" रागाने ब्रेकबाईची जीभ अडखळली. "आणि आठवतं का ते शेजारचं मांजर? अंगणातला हिरवा डाग चाटला आणि दुसऱ्या दिवशी गेलं. अप्पांनी बादल्याच्या बादल्या पाणी ओतून अंगण धुतलं. तू रडली होतीस त्या मांजरासाठी."

"मांजराला काय कळतेय श्रद्धा!"

कपाळ! ब्रेकबाईने गिअर असा खाडकन टाकला की तिच्या एखाद्या शिकाऊने टाकला असता तर तिने त्याला खाली उतरवलं असतं. राग तिला आईचा येत होताच, पण त्याखाली दुसरंही काही डाचत होतं. अप्पा गेल्यापासून आईला कुणी विचारत नव्हतं. मुलगी दिवसभर रस्त्यावर, शेजारी आपापल्या दारात. आणि त्या लबाडाने तिला गादीची खुर्ची दिली होती, 'आद्यमाता' म्हणून सगळ्यांच्या पुढे बसवली होती. ती खुर्ची कशी सोडणार ती?

आठवड्याभरात आईला उलट्या सुरू झाल्या. पाय सुजले, कंबरेत कळा यायला लागल्या, लघवी कमी झाली. ब्रेकबाईने तिला उचलूनच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीण म्हणजे बारीक चणीची, मोजकं बोलणारी बाई. तिने रक्त तपासायला पाठवलं, निकाल आला तसा तिचा चेहरा उतरला.

"किडन्या थकल्यात. आजी, पोटात काय जातंय तुमच्या?"

आईने मान भिंतीकडे वळवली. ब्रेकबाईने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईने खिडकीचा पडदा ओढला आणि कपाटातून एक छोटा जांभळा दिवा काढला. कातडीवरचे रोग बघायला ती तो वापरायची. तपासणीसाठी दिलेली आईच्या लघवीची बाटली तिने त्याच्यासमोर धरली. बाटली हिरवीगार चमकली.

"अगंबाई!" ब्रेकबाई खुर्चीवरून उठलीच. गॅरेजवाले गळती शोधायला असलाच दिवा वापरतात हे तिला माहीत होतं. बऱ्याच कूलंटमध्ये चमकणारा रंग घातलेला असतो, बारीक चीर असली तरी दिव्याखाली ओघळ दिसावा म्हणून. आज गळती शोधायच्या रंगाने तिच्या आईचं पोट दाखवलं होतं.

"हे गोड लागतं, म्हणूनच घातक," डॉक्टरीण म्हणाली. "पोटात गेलं की किडनीत त्याचे खडे साचतात. चमच्या-चमच्याने ही दशा झालीय. पेलाभर गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही. आजी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात भरती व्हा."

"रविवारनंतर," आई म्हणाली.

"रविवारी काय आहे?"

आईच्या सुजलेल्या चेहऱ्यावर अभिमान उमटला. "रविवारी मला भरला पेला मिळणार आहे. एकाच वेळी, सगळ्यांसमोर. आजवर कुणाला नाही मिळालेला."

 पुढचे दिवस आरडाओरड्यातच गेले. ब्रेकबाई ओरडली, रडली, पाया पडली. दाराला कुलूप घातलं तर आईने खिडकीतून शेजाऱ्यांना हाका मारून तमाशा केला. ब्रेकबाई पोलीस चौकीत गेली, तर तिथला हवालदार म्हणाला, "बाई, आमच्या साहेबांच्या घरचेही चमचा घेतात. तुम्ही कशाला उगाच देवाच्या कामात पडता?"

देवाच्या कामात! ब्रेकबाईच्या तोंडात आलेला शब्द चौकीत उच्चारण्याजोगा नव्हता, म्हणून ती नुसतीच पाय आपटत बाहेर पडली.

रविवारी सकाळी ती शेडमध्ये पोचली तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. सोबत डॉक्टरीण, डॉक्टरीणच्या पर्समध्ये जांभळा दिवा, ब्रेकबाईच्या पिशवीत दुकानातून आणलेला कूलंटचा सीलबंद डबा. बेत साधा होता. सगळ्यांसमोर डबा फोडायचा, दिव्याखाली धरायचा, मग गाडीचे अश्रू दिव्याखाली धरायचे. दोन्ही सारखे चमकले की विषय संपला. शाळेतल्या पोरालाही पटेल असा पुरावा.

गाडी तापली, रडली. रांगेने चमचे वाटून झाले, सगळे ओठ पुसत जागेवर बसले. मग बाबाने वाडग्यातून काचेचा पेला काठोकाठ भरला आणि तो आईच्या हातात दिला.

"आद्यमाते," तो गहिवरून म्हणाला, "इंजिन बंद होईल, शांतता होईल, मग तू हा पेला घेशील. आणि मग तुझ्या गुडघ्यांत, तुझ्या हाडांत..."

"थांबा!" ब्रेकबाई गर्दीतून कोपरं मारत चौथऱ्यावर चढली. शिकाऊ ड्रायव्हरांवर कमावलेला तो आवाज. माइकची गरज नव्हती. "आई, पेला खाली ठेव! हे बघा सगळ्यांनी! हा बाजारात मिळणारा कूलंटचा डबा. सील तुमच्यासमोर फोडतेय. आणि हे तुमचे अश्रू. आता हा दिवा बघा!"

डब्यातलं थोडं सोबतच्या ग्लासात ओतून तिने डॉक्टरीणने दिलेला दिवा लावला. भर उजेडातसुद्धा ग्लासातलं कूलंट किंचित उजळलं. तिने दिवा गाडीकडे वळवला. दोन्ही हेडलाइटांच्या खाली हिरवे ओघळ चमकले.

 आता फुटेल बिंग, असं ब्रेकबाईला वाटलं.

"तेज!" मागून एक बाई किंचाळली. "तेज प्रकटलं!"

"डोळ्यांतून तेज!" खुर्चीवरचे बँकेचे साहेब ओरडले. "प्रत्यक्ष बघितलं मी!"

"अहो, पण डब्यातलंही चमकतंय ना!" ब्रेकबाई ओरडली. "दुकानातला डबा!"

"दर्शनाने डब्यालाही तेज आलं!" पहिल्या रांगेतले एक निवृत्त मास्तर गदगदले.

 काय करावं या माणसांचं! पुरावा समोर धरला तर त्याचाही यांनी चमत्कार केला. आणि गाडीबाबा तर जन्माचा दलाल. आयतं चालून आलेलं गिऱ्हाईक तो सोडतोय होय? त्याचे डोळे लुकलुकले.

"या ताईंच्या रूपाने आज करुणावाहिनीने स्वतः हा दिवा पाठवला!" त्याने घोषणा केली. "शटर ओढा! दिवे घालवा! आज भक्तांना तेजाचं पूर्ण दर्शन!"

खडखडत शटर खाली आलं. शेडमध्ये मिट्ट अंधार झाला. कुणीतरी ब्रेकबाईच्या हातातून दिवा हिसकावला आणि तो हातोहात फिरायला लागला. जिथे दिवा जाई तिथे किंकाळ्या उठत. लोकांचे ओठ हिरवे चमकत होते, हनुवट्या चमकत होत्या, पुसलेली बोटं आणि रुमाल चमकत होते. "माझ्याही तोंडावर तेज!" "बघ गं, तुझ्या गालावर!" दाटीवाटीने माणसं एकमेकांची विषारी तोंडं बघून आनंदाने रडत होती.

ब्रेकबाईला मात्र एकच गोष्ट शोधायची होती. अंधारात आई कुठे आहे? आणि पेला? ती खुर्च्यांवर आपटत, माणसांना ढकलत पुढे निघाली. दिवा तिकडे वळला की आईच्या हातातला पेला हिरवा पेटल्यासारखा दिसायचा, दिवा फिरला की पुन्हा काळोख. पुढच्या वेळी दिसला तेव्हा पेला आईच्या छातीपाशी होता. त्यानंतर दिसला तेव्हा हनुवटीपाशी.

"आई, नको! आई!" गोंगाटात तिचा आवाजही बुडाला. 

तेवढ्यात चौथऱ्याजवळून डॉक्टरीणबाईचा बारीक, पण स्पष्ट आवाज आला. "आणि बाबांवर नाही का दिवा धरायचा? ज्यांनी चमचाभर घेतलं त्यांना एवढं तेज, तर बाबांचं तोंड किती चमकेल!"

"हो, हो! बाबांवर धरा! बाबांचं तेज बघू द्या!"

"नको, नको, भक्तांनो," बाबा घाईने म्हणाला. "माझं कशाला? शटर उघडा रे!"

पण हौशी माणसांना कोण आवरणार? बँकेच्या साहेबांनी स्वतः दिवा पटकावला आणि थेट बाबाच्या तोंडावर धरला. 

बाबाचं तोंड कोरडं ठणठणीत होतं. ओठांवर, दाढीवर, मिशीवर कुठे म्हणून हिरवा ठिपका नव्हता. दिवा खाली घसरला आणि त्याचे हात दिसले. दोन्ही हात, नखांपासून पार मनगटांपर्यंत, झग्याच्या बाह्यांसकट, हिरवेगार चमकत होते.

"हे कसं काय?" कुणीतरी विचारलं. आवाजात अजून शंका नव्हती, नुसती उत्सुकता होती.

"मी... मी तेजाच्या पलीकडे गेलोय," बाबा म्हणाला. "मला पिण्याची गरज नाही. मी फक्त देतो."

आणि लोकांना तेही पटलं! माना हलल्या, कुणी "वा" म्हणालं. ब्रेकबाईला हसावं की रडावं कळेना. असली शेंडी लावून घ्यायला माणसं जन्माला येतात तरी कशी?

तेव्हा आई खुर्चीवरून उठली. सुजलेल्या पायांवर सावकाश, पेला दोन्ही हातांत सांभाळत ती चौथऱ्यापाशी गेली. तिच्या चेहऱ्यावर कसलाही डाव नव्हता. होती ती निव्वळ माया, घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी राहिलेल्या माणसाला आग्रह करणाऱ्या बाईची.

"बाबा, तुम्हीच राहिलात हो," ती म्हणाली. "सगळ्यांना देता, स्वतःला घेत नाही. माझ्या पेल्यातला पहिला घोट तुम्ही घ्या. मग मी घेते."

"माते, हा पेला तुझा आहे."

"माझाच ना? मग मी देते तुम्हाला. माझ्या नवऱ्याच्या गाडीचे अश्रू आहेत. त्यांना बरं वाटेल."

"घ्या, बाबा! आईंचं मन मोडू नका!" गर्दीतून आवाज आले. "घ्या, घ्या!"

"आज माझा उपास आहे."

"अश्रूंनी कुठे उपास मोडतो?" आईने पेला उचलून त्याच्या तोंडाजवळ नेला. मागून लोक प्रेमाने रेटत होते, त्याला मागे सरकायला जागा उरली नव्हती. पाठीला गाडीचं तापलेलं बॉनेट. काचेचा काठ त्याच्या ओठांना टेकला, हिरवं पाणी हिंदकळलं.

"ए म्हातारे!" सेकंडहँड किंचाळला आणि त्याने फटक्यासरशी पेला उडवला. "बाजूला हो! मारायचंय का मला?"

पेला फरशीवर फुटला.  नुसती इंजिनाची घरघर आणि वाडग्यात पडणारे थेंब.

"शटर उघडा," ब्रेकबाई म्हणाली. या वेळी लोकांनी तिचं ऐकलं.

उजेड आत आला. आई सांडलेल्या पाण्याकडे बघत उभी होती. फरशीवर पसरलेला हिरवा, कडांना चिकट डाग. ती बराच वेळ बघत राहिली, अप्पा सकाळी पुठ्ठा बघायचे तशी.

"तेच मांजर," ती हळूच म्हणाली. "तेच मांजर आहे मी." आणि तिचा तोल गेला. ब्रेकबाईने झेप घेऊन तिला धरलं, म्हणून ती काचांवर पडली नाही.

डॉक्टरीणने आईला खुर्चीवर टेकवून नाडी हातात घेतली आणि मुलीला मानेनेच खूण केली: जा, उरकून घे. ब्रेकबाईने गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि हार भिरकावून बॉनेट उघडलं. अप्पांची गाडी होती. कोणती कळ कुठे दाबायची हे तिला डोळे मिटूनही माहीत होतं.

"पुढे या. सगळ्यांनी या. नमस्कार करायला नाही, बघायला या," ती म्हणाली. "हा रेडिएटर. इंजिन तापलं की यातलं पाणी फुगतं आणि झाकणातून बाहेर यायला बघतं. त्यासाठी इथून एक बारीक पाइप असतो, तो या बाजूच्या बाटलीत जातो. आता तो कुठे जातोय बघा."

बारीक पाइप बाटलीकडे जात नव्हता. तो मध्येच कापून त्याला दोन फाटे फोडले होते. एक डाव्या हेडलाइटच्या मागे, एक उजव्या.

"झाकणाची स्प्रिंग मुद्दाम ढिली केलीय. म्हणून हा तासभर बडबडतो. तुम्हाला ज्ञान द्यायला नव्हे, इंजिन तापवायला. आणि जेवढं गळतं तेवढं गाडी थंड झाल्यावर हा आपल्या हातांनी पुन्हा भरतो. हात बघितलेत ना याचे?" तिने चौथऱ्यामागचा पडदा खसकन ओढला. मागे कूलंटच्या रिकाम्या डब्यांची चळत होती. "आणि भिंतीवरचे तुमचे ते चेहरे, ते इंजिनच्या खालच्या सांध्यातल्या गॅस्केटमधून ठिबकणाऱ्या ऑइलचे. दुरुस्तच केलं नाही यानं. करेल कशाला? चालू दुकान आहे ना!"

बँकेचे साहेब कोपऱ्यात जाऊन ओकत होते. मास्तर खाली मान घालून रुमालाने ओठ घासत होते, पुन्हा पुन्हा. मग कुणाला तरी राग आला, आणि तो राग आला तसा सगळ्यांना आला. चपला हातात आल्या. सेकंडहँड गाडीच्या मागे दडला.

"खबरदार!" ब्रेकबाई मध्ये उभी राहिली. "मलाही वाटतंय याला तुडवावं. तुमच्यापेक्षा जास्त वाटतंय. पण आज याला बडवाल, अंगावरची धूळ झटकाल आणि उद्या दुसऱ्या झगेवाल्यासमोर तोंड उघडाल. याने पाइप दोन ठिकाणी जोडला. बाकीचं सगळं तुम्ही जोडलंत. मी पुरावा दाखवला त्याचा चमत्कार केलात. त्याचं तोंड कोरडं दिसलं, त्यालाही माना डोलावल्यात. एकाने तरी विचारलं का, की गाडी थंड असताना का रडत नाही? बॉनेट उघडून दाखवा, असं म्हणालात का कुणी? विचारायला काही लागत नाही हो. नुसतं तोंड लागतं, आणि ते तुम्ही प्यायला वापरलंत."

चपला हळूहळू खाली आल्या. डॉक्टरीण खुर्चीवर चढली आणि तिने सांगितलं, की ज्यांनी म्हणून चमचा घेतलाय त्यांनी इथून थेट दवाखान्यात चालायचं. ज्यांना उलट्या किंवा कंबरदुखी आहे ते आधी. लोकांनी रांग लावली. तीच रांग, तीच माणसं, फक्त तोंडं उतरलेली. चौकीतून ब्रेकबाईला परत पाठवणारा हवालदारही आपल्या साहेबांच्या बायकोला घेऊन त्यात उभा होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात सेकंडहँडची मानगूट होती.

आई वाचली. पण किडन्या पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. पथ्य, गोळ्या आणि दवाखान्याच्या फेऱ्या आता जन्माच्या मागे लागल्या. रोज संध्याकाळी ब्रेकबाई शिकवणी लवकर आटपून तिच्याजवळ बसते. गादीची खुर्ची नाही, पण आईच्या खाटेशेजारी मुलीची खुर्ची आता रिकामी नसते.

एकदा शेजारीण आईला भेटायला आली. पदराआडून तिने एक बाटली काढली. म्हणाली, "लांबच्या एका स्वामींकडचं पाणी आहे हो. किडनीवर अगदी रामबाण. माझ्या भावजयीला गुण आलाय."

ब्रेकबाई उसळून उठली, पण आईने तिचा हात दाबून तिला खाली बसवलं. बाटली हातात घेतली, उजेडात धरली, झाकण उघडून वास घेतला. मग शेजारणीसमोर पेला ठेवला आणि तो काठोकाठ भरला.

"आधी तू पी," आई म्हणाली.

 शेजारणीने पेला उचलला, मोरीत ओतला, मागोमाग बाटलीही रिकामी केली आणि खाटेशेजारी येऊन बसली.